हुकावरची दोन अक्षरं

दोरावरून फिरवत होतो ती चिंधी अडकली.

"थांब!" मी वर ओरडलो. क्रेनवाल्याने दोर थांबवला. चिंधी सोडवून पाहिलं, तर तारेच्या दोरातल्या आणखी चार तारा तुटून काट्यांसारख्या वर आल्या होत्या. सोमवारी त्या हातभर लांबीत सात होत्या. आता अकरा.

फोरमनसाहेब मागेच उभे होते. "काय म्हणतोय दोर?"

"म्हणतोय, मला उतरवा."

"नवा येतोय चार दिवसांत. हा लोखंडी सांगाडा आजच गाडीवर चढला पाहिजे. नऊ टन तर आहे." त्यांनी खिशातून खडू काढून माझ्यापुढे धरला. "ओके?"

आमच्या कारखान्यातली पद्धत अशी: दोर तपासणाऱ्याने हुकाच्या लोखंडावर खडूने इंग्रजीत ओके लिहायचं. ते दिसल्याशिवाय हुकाखाली कोणी जात नाही. मी शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं. चाळिशी उलटल्यावर ही दोन अक्षरं गिरवली; आपली बाराखडी त्यानंतर दोन वर्षांनी आली. त्यामुळे हा शब्द हाताला आधी कळला, कानाला नंतर. कानाला कळू लागला तेव्हा त्याचे नाना रंग दिसले. मुलगी फोनवर "ओके बाबा" म्हणते, म्हणजे आता पुरे. बायको नुसतं "ओके" म्हणाली की दोन दिवस भांडी आदळतात. डॉक्टर कागद चाळत "ओके, ओके" म्हणायला लागले की मी खुर्ची घट्ट धरतो. हुकावरचं ओके मात्र सरळ होतं: खाली उभा राहा, मी पाहिलंय.

साहेबांनी आवाज चढवला नाही. "तुमच्या मेहुण्याला कायम करायचा कागद टेबलावर पडलाय. आज सही करावी म्हणतो."

मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, आमच्याच घरी राहायचा. सहा वर्षं हंगामी होता. त्याचं काम हुकाखालचं. ओझ्याला पट्टे बांधायचे, ते उचललं गेलं की हाताने धरून वळवायचं.

अकरा तुटल्या तरी शंभर शाबूत आहेत, असं मी स्वतःला सांगितलं. खडू घेतला. लिहिलं.

मेहुणा शीळ घालत आला. त्याने हुकाकडे एक नजर टाकली, पट्टे अडकवले, आणि घरच्या बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा सांगाड्यावर हात ठेवून उभा राहिला. दोर ताणला. वर कुठेतरी बारीक टिचल्यासारखा आवाज झाला. शीळ थांबली नाही.

उचलण्याआधी क्रेनवाला एकदा तोंडी विचारतो. ज्याने लिहिलं त्यानेच उत्तर द्यायचं.

"ओके?" वरून आवाज आला.

मी दोराकडे बघत राहिलो.

"काका, ओके का?"

"अहो भाऊजी," मेहुणा हसला, "तोंडात मिठाची गुळणी धरलीय का? बोला की! गाडीवाला शिव्या घालतोय."

"मी सांगतो ना," साहेब पुढे झाले. "ओके आहे. घे उचलून!"

क्रेनवाला साहेबांकडे बघत नव्हता. तो माझ्याकडे बघत होता. पुन्हा तसाच टिचल्याचा आवाज झाला. या वेळी शीळ थांबली.

"नाही," मी म्हणालो. मग ओरडलो, "नाही! सोड! सैल सोड!"

दोर सैल पडला. क्रेनवाल्याने बटण बंद केलं आणि तो शिडी उतरू लागला. साहेब वळले. आपल्या केबिनकडे गेले, आणि त्या कागदाचं नाव पुन्हा निघालं नाही.

मेहुण्याने शांतपणे पट्टे सोडले. मला वाटलं, कायम व्हायची संधी घालवली म्हणून चिडेल. तो फक्त हुकावरच्या अक्षरांकडे बोट करून म्हणाला, "हे तुम्हीच लिहिलंत ना?"

"तुझ्यासाठीच रे..."

"लिहिलं तेव्हा तारा मोजल्या होत्या?"

"मोजल्या होत्या."

"बरं," तो म्हणाला.

चार दिवसांनी नवा दोर चढला. तेल लावलेला, चकचकीत. मी दोनदा तपासला, लिहिलं, खणखणीत आवाजात सांगितलं. मेहुण्याने पट्टे अडकवले आणि चार पावलं मागे सरून जमिनीवरच्या पिवळ्या रेघेबाहेर उभा राहिला. तिथून लांब काठीने ओझं वळवलं. कोणाच्या लक्षातही आलं नाही.

घरी तो पूर्वीसारखाच बोलतो. भाजीला नावं ठेवतो, बहिणीला चिडवतो. फक्त जेवताना माझ्या शेजारी बसत नाही. ताट उचलून दाराजवळ जातो, आणि दार उघडं ठेवतो.