अकरा वेळा साधं पाणी

फिटरकाकांनी काचेच्या उभ्या नळीला कान लावला आणि हवेची चावी आणखी पाव फेरा उघडली. पाण्यातून वर चढणारे बुडबुडे एकमेकांत मिसळले, नळीभर रुंदीचा एक गोळा झाला आणि गुडगुडत वर गेला.

"कालच्याच आकड्याला," ते म्हणाले.

प्रयोगशाळेच्या बाई पडद्यासमोर बसल्या होत्या. पडद्यावर दोन परदेशी प्रयोगशाळा. तिन्ही ठिकाणी प्रयोग एकच: हवेचा वेग किती झाला की बुडबुड्यांचा गोळा होतो. त्या दोघींचे आकडे जुळत होते, इथले नाही. त्यांतल्या एकीच्या मुख्य साहेबांनी मघाशीच गोड आवाजात सुचवलं होतं, तुमची दोन वर्षांची मोजमापं वगळून टाकू. गरिबाघरचा आकडा चुकीचा, हे ठरवायला कुणाला मोजावं लागत नाही.

"काका, खरं सांगा. नळी त्यांनी पाठवलेल्या कृतीच्या कागदाप्रमाणे साबणानेच धुता ना?"

"नाही."

"दोन वर्षं?"

"साबणाचा अंश राहतोच, बाई. मग बुडबुडे भावकीसारखे फटकून राहतात, एक होत नाहीत. नवा होतो तेव्हा मीही हाच घोळ घातला होता. आता साधं पाणी. अकरा वेळा."

"आणि हे मला आज सांगताय?"

"विचारलंत कधी?"

बाईंनी कपाळाला हात लावला. मग ताठ बसून त्यांनी सगळं पडद्याला सांगितलं. साहेब हसले. त्यांच्या मागे एप्रन घालून उभी असलेली, तिथली नळी धुणारी मात्र हसली नाही. तिने बाह्या सरसावल्या.

तिथली नळी ती साध्या पाण्याने धुवत होती, दर खेपेला एकेक बोट दुमडत मोजत होती. अकरा झाल्यावर तिने हवा सोडली. गोळा झाला, काकांच्याच आकड्याला.

मग साहेब खाली बघत म्हणाले, तो कागद नव्याने लिहावा लागेल.

बाई उठल्या. स्वतःची खुर्ची त्यांनी काकांपुढे सरकवली.

"बसा. तुम्ही सांगा, मी लिहिते. अकरा वेळा साधं पाणी, हे पहिलं?"

काकांनी हात पँटला पुसले आणि ऐसपैस बसले.

"ते दुसरं. पहिलं लिहा, धुणाऱ्याला विचारावं."

बाईंनी लिहिलं आणि साहेबांच्या भाषेत खणखणीत वाचून दाखवलं. पडद्यावर एप्रनवाली, ओल्या हातांनी, साहेबांच्या खुर्चीपुढे येऊन उभी राहिली.