मोरचुदाची माया

मेघमंथर भाद्रपद. पठारावर धुकं उतरलेलं. राखाडी, रेशमी, रोगट. धुक्यात बटाट्याची जांभळी फुलं, आणि फुलांखाली, पानापानांवर, करप्याचे काळे डाग.

हा करपा आपणहून आला नव्हता बरं. तो बोलावलेला होता. कृषी महाविद्यालयाच्या इंदुमतीने कुजक्या पानांचं पाणी करून स्वतःच्या हातांनी तो शिंपडला होता. आपणच संकर करून जन्माला घातलेल्या, आपणच वाढवलेल्या रोपांवर. सुवर्णगर्भ बटाट्यांची ती रोपं! फिकुटलेल्या लेकरांच्या गालांवर रक्त चढवतील अशी. पण औषधावाचून जे जगेल, तेच बियाणं. बाकीच्यांनी मरायचं. मरायचंच.

वावर बजाबाअण्णांचं. फवारायचं नाही, एवढंच त्यांना बजावलेलं. पण रोज पहाटे बांधावर उभं राहायचं आणि हिरवं काळं होताना नुसतं बघायचं, हे त्या मातीमाखल्या, मायाळू म्हाताऱ्याला जमावं कसं? रोज एक ओळ काळवंडे. रोज कुजका दर्प दाटे. शेवटी एका पहाटे उरल्यासुरल्या हिरव्यावर त्यांनी मोरचूद-चुन्याच्या निळ्या औषधाचा पंप मारला.

इंदुमती आली तेव्हा पानं निळी होती. निळी, ओली, निथळती.

ती ओळीत बसली. तिने एकेक पान उलटून पाहिलं. आता यातलं जगलेलं कोण आणि जगवलेलं कोण, सांगणार कोण?

"अण्णा, मरू द्यायचं होतं."

"डोळ्यांदेखत? तू शिकलेली, तुला जमतं. मला बैल विकतानासुद्धा पाठ फिरवावी लागते, पोरी."

"मलाही नाही जमत. इथून गेले की घास उतरत नाही."

अण्णा तिच्याशेजारी टेकले, पानावर बोट फिरवलं. बोट निळं झालं. औषध अजून वाळलं नव्हतं, धुता येण्यासारखं होतं. मग तेच उठले, विहिरीचं पाणी आणलं, आणि पानन् पान, बाळाचं तोंड पुसावं तसं, निळं धुऊन काढलं. तोवर तिने काळ्या पानांचं पाणी पुन्हा कालवलं होतं. झारी उचलायला ती वाकली. अण्णांनी ती आधीच उचलली होती.

"माझ्याच हाताने होऊ दे."

गढूळ पाणी. कललेली झारी. ओणवं आभाळ. पानावर थेंब पडला; पान जरासं वाकलं, पुन्हा सावरलं, आणि तान्ह्यासारखं, तहानल्यासारखं, तोंड वर करून पुढच्या थेंबाची वाट पाहत राहिलं.