दमयंतीबाईंची चावी आणि तिचे परदेशी नातेवाईक

निशाने मला न विचारता डब्यातून काढलं, वहीवर आडवं पाडलं आणि माझ्याभोवती पेन्सिल फिरवली. सूनबाईंचं हे वागणं मला मुळीच पसंत पडलं नाही, मित्रांनो.

मी एक जुनी पितळी चावी आहे. उरणच्या कुलूपवाल्याने कानशीने घासून मला दात पाडले. करंजा गावच्या दमयंतीबाईंनी सुकी मासळी विकून जोडलेलं सोनं ज्या सागवानी पेटीत आहे, तिची मी मालकीण. तीस वर्षं मी बाईंच्या कमरेला होते. मासळीच्या वाट्यावरून भांडणाऱ्या बायकासुद्धा माझी छनछन ऐकून गप्प बसायच्या. मग आम्ही कामोठ्याला फ्लॅटमध्ये आलो. बाईंच्या मुलाने, मितेशने, आकडे दाबून उघडणारं कपाट आणलं, पेटी त्यात गेली आणि मी गेले सुक्या जवळ्याच्या डब्यात. त्यात बाईंची अक्कल होती. मला शिवणाऱ्याच्या बोटांना वास राहतो. लग्न होऊन निशा घरात आली, तेव्हापासून बाई तिने दिलेल्या कपाचा कानही हुंगून चहा पितात.

त्या संध्याकाळी कपाच्या कानाला जवळ्याचा वास आला. बाईंनी डबा उघडला, तर मी पालथी. निशाच्या उशीखाली वही सापडली: मधोमध माझा आकार, भोवती परकी अक्षरं. बाई दुसरीपर्यंत शिकलेल्या. आकार चावीवाल्याकडे जाणार आणि अक्षरं म्हणजे त्याचा पत्ता, अशी त्यांची खात्री झाली. मलाही तसंच वाटलं. आजपासून निशाचा पनवेलचा क्लास बंद, असं त्यांनी जाहीर केलं.

निशाचा चेहरा उतरला. क्लास पोर्तुगीजचा होता आणि उद्या परीक्षा. एका शब्दावर बोलायचं होतं; तिने ‘चावी’ निवडला होता, म्हणून माझा आकार काढला. पास झाली तर भाषांतराची नोकरी मिळणार होती. तिने वही वाचून दाखवली. चावी हा शब्द म्हणे पोर्तुगीजांच्या ‘शाव्ह’वरून आपल्याकडे आला. इटलीत माझी बहीण कियावे, स्पेनमध्ये यावे, फ्रान्समध्ये क्ले. सगळ्यांची आजी लॅटिनमधली क्लाविस. काही ठिकाणी यावे म्हणजे पाण्याचा नळ, तर क्ले म्हणजे नटबोल्ट पिळायचा पानासुद्धा. आणि क्लाविसचं जवळचं नातं खिळ्याशी!

मी शाळेत गेले नाही, पण एवढं कळतं, की न बोलावता नातेवाईक आले की आधी त्यांच्या पिशवीत बघावं. आणि नळ, खिळा ही काय सोयरीक झाली?

बाईंनाही पटलं नाही. त्यांनी मला निशाच्या हातात दिलं आणि कपाटातून पेटी काढून ती उघडायला सांगितलं.

आमचं कुलूप डावीकडे उघडतं. ज्याने एकदा उघडलंय, त्याला ते ठाऊक असतंच. निशाने मला उजवीकडे पिळलं. पुन्हा पिळलं. माझा दात करकरला. घाबरून तिने मला बाहेर काढलं, पदराने पुसलं आणि दात वाकला की काय, ते उजेडात धरून पाहिलं. पेटीकडे तिने बघितलंही नाही.

बाईंचा आणि माझा संशय तिथेच फिटला. बाई म्हणाल्या,

“चोरी तुला जमायची नाय, निशा. उद्या जा परीक्षेला. पन जुन्या वस्तूला हात लावायचा, तर आदी तिच्या माणसाला विचारायचं. ती कशी चालते, ते आमी सांगतू ना गो.”