बंद खोलीतली घरघर

मी एक जुना वीजमीटर आहे. शाळेच्या जिन्याखाली लाकडी फळीवर मी बत्तीस वर्षे काढली. मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, मी स्वभावाने संशयी आहे. माझ्या काचेआड एक चकती आहे. शाळेत कुठेही वीज वापरली की ती फिरायची. कोण वापरतो ते मात्र तिला दिसत नसे. मग मी सगळ्यांवरच संशय घ्यायचो.

यंदा आठवीच्या मुलांनी वीज वाचवायचे मनावर घेतले. रद्दीतल्या पुठ्ठ्यांच्या पाट्या करून त्यांनी प्रत्येक दारावर लावल्या. मधल्या सुट्टीत ती मुले वर्गावर्गांतले पंखे बंद करत फिरायची. दर शनिवारी एक मुलगी स्टुलावर चढून माझे आकडे उतरवून घेई. तिला प्रत्येक गोष्टीचे कारण हवे असे, म्हणून सगळे तिला कारणबाई म्हणत.

दोन महिने उलटले, तरी विजेचा वापर काही कमी होईना. सगळ्यांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. शिपाईकाका संध्याकाळी दिवे तसेच ठेवून जातात, अशी कुजबुज सुरू झाली. माझा संशय शिक्षकांच्या खोलीतल्या किटलीवर होता. एके शनिवारी कारणबाई आकडे उतरवत असताना मुख्याध्यापिका बाई शिपाईकाकांना घेऊन माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"हा मीटरच बिघडलाय. सुट्टीच्या दिवशीसुद्धा फिरतो! काढून भंगारात द्या."

बत्तीस वर्षांत मी एक आकडा खोटा दाखवला नव्हता. मला फार वाईट वाटले.

"बाई, मेन स्विच बंद करून बघू या?" कारणबाई म्हणाली. "तरी फिरला, तर मीटर खोटा."

"आणि थांबला तर?" काकांनी विचारले.

"तर कुठेतरी काहीतरी चालू आहे, काका."

आधी सगळ्या वर्गांतले दिवे-पंखे बंद केले. चकती फिरतच होती. मग काकांनी मेन स्विच खाली ओढला. चकती थांबली आणि माझा जीव भांड्यात पडला.

स्विच पुन्हा वर गेला. थोड्या वेळाने शेजारच्या बंद खोलीतून घरघर ऐकू आली. ती मी रोज ऐकत होतो आणि उंदीर असतील असे समजत होतो. काकांना वाटायचे, मीच घरघरतोय! कुलूप उघडले, तर मोडक्या बाकांमागे शाळेचा जुना पाण्याचा कूलर. भिंती रंगवताना तो तिथे ढकलला होता. रंगाऱ्यांसाठी चालू केला आणि मग सगळे विसरले. महिनोन्‌महिने तो पाणी थंड करत होता आणि प्यायला कुणीच नव्हते. त्याच दारावर मुलांची पाटी होती, 'वीज वाचवा'.

"कुलूप मीच लावलं होतं," काका खालमानेने म्हणाले.

"आणि पाटी लावायला मी सांगितलं होतं," बाई म्हणाल्या. "आत डोकावले नाही मीसुद्धा."

पुढे सगळीकडे नवे मीटर आले आणि मलाही काढलेच. कारणबाईने हट्ट धरला, म्हणून मी भंगारात न जाता प्रयोगशाळेच्या कपाटावर आहे. चकती आता फिरत नाही. जन्मभर मी साऱ्यांवर संशय घेतला, पण शेजारच्या दाराकडे नीट कान दिला नाही, याची मला लाज वाटते. मित्रांनो, माणसांवर संशय घेण्याआधी बंद दारे उघडून बघत जा.

आत्ता मधली सुट्टी आहे. वर्ग रिकामे आहेत, तरी वरच्या मजल्यावरून मला पंख्याचा आवाज येतोय. कुणीतरी जाऊन बघा ना!