परवान्याचा चमत्कार

खोलीत मुंगी शिरायला जागा नव्हती. यंत्रबाबांनी कॉम्प्युटरवर तळवा ठेवला नि ते गरजले, "भिंतीकडे तोंड करा! हे तेज संसारी माणसाला सोसायचं नाही."

सगळ्यांनी निमूट पाठ फिरवली. मागे खटखट झाली. वळून बघतात तर काय, सकाळपासून 'फुकट वापराची मुदत संपली, परवाना विकत घ्या' म्हणत अडून बसलेला प्रोग्राम सुरळीत चालू! सासूबाईंनी हात जोडले.

सुनेला मात्र आपल्या कामाची धास्ती वाटली. घरच्या कॉम्प्युटरच्या पोटात बाबांनीच एक आभासी कॉम्प्युटर थाटून दिला होता आणि त्यात कपड्यांचे नमुने काढायचा हा प्रोग्राम बसवला होता. परवाना कशाला, माझी कृपा पुरे, म्हणाले होते. तिची सगळी रेखाटनं त्यातच होती. संध्याकाळपर्यंत ती कारखान्यात पोचली नाहीत, तर काम जाणार होतं आणि घर तर त्याच कामावर चाललं होतं. तिनं फोल्डर उघडलं. रिकामं!

"बाबा, माझं काम कुठंय?"

"यंत्रानं आपला वाटा घेतला, बाई. मोह सोड."

"उलट बोलू नकोस गं," सासूबाई कुजबुजल्या.

तिला रडू कोसळलं. पण पडद्यावर मुदत पहिल्या दिवशीइतकीच शिल्लक, फोल्डरही पहिल्या दिवशीसारखं! तिनं डोळे पुसले. "पुन्हा करा. या वेळी मी बघणार."

"भस्म होशील!"

"होऊ दे."

बाबा चपला शोधू लागले. मग तीच खुर्चीत बसली. आतल्या कॉम्प्युटरात 'आई इथे आहेत' असं लिहून तिनं ते साठवलं. आतल्या कॉम्प्युटरच्या यादीत 'जुन्या स्थितीवर परत' असं बटण होतं, ते सर्वांदेखत दाबलं. मुदत पुन्हा कोरी. आणि ओळ गायब.

"बाबांनी पहिल्याच दिवशी याची जशीच्या तशी प्रत ठेवली होती. मुदत संपली की ते सगळं तिथंच मागे नेतात. नंतरचं सगळं पुसलं जातं."

"म्हणजे बाबांनी आमच्या घरी चमत्कार केला तेव्हा माझ्या लेकीचा निबंध गेला, तो असाच..." शेजारीण उद्गारली. बाबा तोवर पसार झाले होते.

"त्यांना धरून आणू. तेच परत देतील तुझं काम," सासूबाई रडत म्हणाल्या.

"कुणालाच देता येणार नाही, आई. गेलं ते."

फोन वाजला. कारखान्यातून विचारणा होती, काम झालं का? "झालं होतं, साहेब," ती एवढंच बोलली. तिनं फोन ठेवला आणि दारातल्या गर्दीकडे वळून ती म्हणाली, "पाठ फिरवा म्हणणारा काहीतरी लपवत असतो. निदान पुढच्या वेळी तरी तोंड इकडे ठेवा, आणि विचारा."