भोंग्यावर हरवलेली गाणी

मी एक जुना लाकडी स्पीकर आहे, मित्रांनो. भीमपूरच्या प्रार्थनाघरामागच्या खोलीत सोयाबीनच्या पोत्यांखाली कित्येक वर्षं पडून राहिलेला. ‘आहे’ म्हणतो खरा, पण परवापर्यंत हे उंदरांशिवाय जणू कुणाला ठाऊकच नव्हतं.

एका सुताराने सागवानी फळ्या ठोकून मला घडवलं आणि पोटात भलामोठा कागदी पडदा बसवला. नाताळात मी असा घुमायचो, की आमचे पाळक उद्धवराव माझ्या पाठीवर थाप मारायचे. मग छतावर भोंगा आला. त्याचा आवाज शिवारापार जातो, म्हणून देवाचं जे काही असेल ते भोंग्यावरच, अशी रीत पडली. माझी रवानगी झाली इथे.

रविवारच्या उपासनेत गिटार वाजवणारा रविकांत याच खोलीत सराव करायचा. जिवाचं रान करून त्याने आपल्या गाण्यांचा अल्बम केला. मला एकेक गाणं पाठ आहे. काय सांगू तुम्हाला! पहिल्या गाण्यात एकच तार हळूच बोलते, मग ड्रम येतात, आणि मग गिटार अशी गरजते की अंगावर काटा यावा. दुसऱ्या एका गाण्यात तो देवालाच जाब विचारतो, ‘बाप म्हणवतोस, मग गप्प का?’ शेवटच्यात शब्दच नाहीत. नुसती गिटार रडते आणि रडता रडता स्तुती करू लागते.

आणि हा अल्बम लोकांना पहिल्यांदा ऐकवला कशावर? भोंग्यावर! अहो, त्याला खालचा सूर पेलतो थोडाच? नुसती किरकिर झाली. अंगणातली मंडळी पोट धरून हसली.

“हे भजन हाय का चक्की चालू हाय?” उद्धवराव म्हणाले.

मी पोत्यांखाली तळमळत होतो. अरे, मला लावा! पण वायर नसलेल्या स्पीकरचं कोण ऐकणार?

रविकांत खोलीत आला आणि पोत्यांवर डोकं टेकून हमसाहमशी रडला. मागोमाग त्याची आई, जयवंताबाई आली.

“उद्याच्या बसनं आदिलाबादले जातो अन् गिटार इकून येतो, माय. देवालेच नको असन तं काऊन वाजवू?”

“मले एकडाव आयकव, मंग इक.”

“आताच आयकलं नाई का?”

“भोंग्यावर तू नव्हता, बाबा.”

माझा नाताळातला आवाज तिला आठवत होता; तिनेच पोती ओढून मला बाहेर काढलं. उंदरांनी माझ्या पडद्याला भोक पाडलं होतं. त्यावर तिने तळहात दाबून धरला. रविकांतने भोंग्याची वायर सोडवून मला जोडली आणि मोबाइलवर गाणी लावली.

मित्रांनो, मी जीव तोडून वाजलो! अंगणातलं हसू थांबलं. माणसं दाराशी जमली. उद्धवराव टोपी काढून खाली बसले.

शेवटचं गाणं आलं. गिटार रडू लागली, आणि नेमका तेव्हाच माझा पडदा टर्रकन फाटला. स्तुती यायची होती हो अजून! मी घरघरलो आणि बंद पडलो.

जयवंताबाईचा हात माझ्यावर तसाच होता. उद्धवराव म्हणाले, “रवी, पुढचं वाजव ना बाप्पा.”

रविकांतने डोळे पुसले, गिटार उचलली आणि उरलेलं गाणं स्वतः वाजवलं. दुसऱ्या दिवशीची बस त्याच्याविनाच गेली.

मी मात्र मुका झालो. मित्रांनो, कुणाच्या गाण्याला हसण्याआधी ते नीट वाजलं का, एवढं तरी पाहा. आणि कुणीतरी मला नवा पडदा बसवा रे! ती स्तुती मला एकदा माझ्या पोटातून वाजवायची आहे.