एक्केचाळिसावी सुई

सकाळपासून चाळीस जणांचं रक्त काढून झालं होतं. चाळीस वेळा तेच सांगितलं: चक्कर येत असेल तर आधी बोला, पाणी प्या, आडवे व्हा, मांड्या आवळून धरा, सुईचा हात तेवढा सैल सोडा. बावीस वर्षं हेच. आता तोंड आपलं आपण बोलतं, मला लक्षही द्यावं लागत नाही.

एक्केचाळिसावी मी होते.

धाकट्या भावाला किडनी हवी आहे. माझी जुळते का, ते बघायला माझं रक्त लागणार. दोनदा दिवस ठरला, दोनदा मी टाळला. एकदा ताप आला म्हणाले, एकदा सुट्टी नाही म्हणाले. खरं सांगायची सोयच नव्हती. दुसऱ्याचं रक्त दिवसभर बघेन, पण माझ्या हाताला सुई टेकली की मी गार. दिव्याखाली अंधार, दुसरं काय! लोकांना कळलं असतं, तर माझ्यापुढे हात कोणी धरला असता?

आज भाऊ स्वतःच सोबत आला. थकलेला, ओठ सुकलेले.

पलंग दोन पावलांवर होता, तरी मी ऐटीत खुर्चीवर बसले. माझ्याबरोबर काम करणारी सोबतीण दंडाला पट्टा बांधत म्हणाली, "तुला काय सांगायचं, बाई!" मीही काही बोलले नाही. नंतरचं आठवतं ते फरशीवरून.

माझे पाय भावाच्या मांडीवर होते. तो खाली फतकल मारून बसला होता.

"हे कधीपासून, ताई?"

"पहिल्यापासून."

"म्हणजे तो ताप, ती सुट्टी..."

"थापा."

त्याने माझे पाय नीट सावरले. मग म्हणाला, "मला वाटलं, तुला द्यायची नाहीये. रागही नाही आला गं. म्हटलं, तिचंही बरोबरच आहे."

मला रडू कोसळलं. माझ्या लाजेपायी हा महिनाभर असं मनात घेऊन तिकडे डायलिसिसच्या सुया टोचून घेत होता.

मी पलंगावर आडवी झाले. त्याने पाणी पाजलं.

"मांड्या आवळ. हात सैल. माझ्याकडे बघ," तो म्हणाला. त्याच्या पहिल्या सुईच्या वेळी मीच शिकवलं होतं ते.

"एक नळी झाली," सोबतीण म्हणाली. "अजून तीन आहेत. थांबू का?"

"काढ," मी म्हणाले, आणि मांड्या पुन्हा आवळल्या.